भोईवाडा ते जुहू, व्हाया कराची

सगळ्यात आधी सॉरी. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आठवड्यातून चार पिरियडचा विषय होता आणि दहावीला तो मी गाईड पाठ करून काढला. मॅगझिनच्या मराठी सेक्शनला लेख कमी पडले म्हणून आमच्या क्लासमधल्या एडिटरने मला कॅन्टीनमध्ये गाठलं आणि दोन वडापाव खाऊ घालून हो म्हणवून घेतलं. आजीने हा लेख वाचून ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आहेत. तरीही काही राहिलं असेल तर तो माझा दोष, तिचा नाही.

आता विषय. आमच्या भोईवाड्यात टाटा म्हणजे मीठ नाही आणि ट्रकसुद्धा नाही. टाटा म्हणजे हॉस्पिटल. आमच्या बिल्डिंगपासून चालत सात मिनिटं. फुटपाथवर प्लास्टिक अंथरून, फाइली आणि एक्स-रेची मोठी पाकिटं छातीशी धरून बसलेली माणसं मी शाळेत जाताना रोज बघायचे. कुणी बंगालचं, कुणी बिहारचं, कुणी आपल्या विदर्भातलं. लहानपणी मला वाटायचं की टाटा हे तिथल्या मोठ्या डॉक्टरांचं आडनाव असेल. हे हॉस्पिटल सर दोराबजी टाटा ट्रस्टने बांधलं, २८ फेब्रुवारी १९४१ला ते उघडलं आणि त्या ट्रस्टच्या कामामागे जेआरडी नावाचा माणूस होता, हे मला खूप उशिरा कळलं. आणि कळलं ते एका कॉम्प्युटर गेममुळे!

गेम म्हटलेलं आम्हा सिम्युलेटरवाल्यांना आवडत नाही, पण आजीला दुसरा शब्द समजत नाही. माझ्या मामाने घर बदललं तेव्हा त्याचा जुना पीसी आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २००४च्या चार सीडी आमच्याकडे आल्या. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं झाली म्हणून त्या व्हर्जनमध्ये नऊ ऐतिहासिक विमानं दिली होती. राइट बंधूंचं स्वतःचं, लिंडबर्गचं, डीसी-३ वगैरे. आठवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती नऊच्या नऊ पाडली आणि मग हळूहळू उडवायला शिकले.

हा छंद असलेल्या प्रत्येकाची एक गुप्त लिस्ट असते. आता कुठेच उडत नाहीत, पण एकदा तरी स्क्रीनवर जिवंत व्हावीत अशा विमानांची. कुणाला काँकॉर्ड हवं असतं, कुणाला चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन, माझ्या एका मित्राला आपलं एचएएलचं मारुत. माझ्या लिस्टवर एकच नाव आहे. डी हॅविलंड पस मॉथ, रजिस्ट्रेशन व्हीटी-एडीएन. एक इंजिन, लाकडी पंख, वर कापड. हे विमान शोधता शोधता मी ते चालवणाऱ्या माणसापर्यंत पोचले.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४चा, पॅरिसचा. वडील पारशी, आई सूझान फ्रेंच. त्यामुळे घरची भाषा फ्रेंच. (मातृभाषा सोडून इतर भाषांत वाढलेल्या मुलांना इथे थोडा धीर यायला हरकत नाही.) उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्देलो नावाच्या गावी राहायचं. तिथेच लुई ब्लेरिओचं घर होतं. ब्लेरिओ म्हणजे १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा माणूस. त्याच्याकडची विमानं तिथल्या समुद्राच्या वाळूवर उतरायची. विचार करा, आपण दादर चौपाटीवर भेळ खातोय आणि शेजारी विमान उतरतंय! जेआरडी पंधरा वर्षांचे असताना त्याच गावी त्यांना विमानातून एक फेरी मिळाली. तेवढी पुरली.

त्यांना केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकायचं होतं. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. १९२५ मध्ये वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतलं आणि टाटांच्या ऑफिसात बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. दुसऱ्या वर्षी वडील गेले. केंब्रिज राहिलं ते राहिलंच. माझी गोष्ट उलटी. बारावीनंतर मला पायलट व्हायचं होतं. एका फ्लाइंग स्कूलचं माहितीपत्रक मी बाबांच्या हातात ठेवलं. त्यांनी फीचा आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत वाचला. काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग मी सीईटी दिली आणि मेकॅनिकलला आले. त्यांना इंजिनीअरिंग हवं होतं आणि विमान मिळालं, मला विमान हवं होतं आणि इंजिनीअरिंग मिळालं. अर्थात त्यांच्याकडे पैसे होते आणि आमच्याकडे नव्हते, हा फरक विसरून त्यांचं चरित्र वाचण्यात अर्थ नाही.

१९२८ मध्ये जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. जेआरडींनी तिथे नाव घातलं आणि १० फेब्रुवारी १९२९ला त्यांना लायसन मिळालं. भारतात दिलं गेलेलं पहिलं लायसन, नंबर १.

पुढच्या वर्षीची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं : भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. जेआरडी मे १९३० मध्ये कराचीहून जिप्सी मॉथ घेऊन निघाले. उलट्या बाजूने, म्हणजे इंग्लंडहून, अस्पी इंजिनीअर नावाचा कोवळा पोरगा येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग गेले होते आणि स्पेअर नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग काढून दिले. अस्पी कराचीला पोचला आणि काही तासांच्या फरकाने जिंकला. हाच अस्पी पुढे १९६० मध्ये हवाई दलाचा प्रमुख झाला.

आमच्या वर्कशॉपमध्ये लोक फाइल (घासायची, सबमिशनची नव्हे) लपवून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याचा जॉब वेळेत होऊ नये. म्हणून ही गोष्ट लिहिली.

आता पस मॉथ. १९२९ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेला नेव्हिल विन्सेंट नावाचा पायलट भारतात आला होता. त्याच्या डोक्यात एक कल्पना होती. इंग्लंडची टपाल विमानाने कराचीपर्यंत येते, मग पुढे मुंबई-मद्रासला ती आगगाडीने कशाला न्यायची? जेआरडींना हे लगेच पटलं, पण पैसे सर दोराबजींच्या हातात होते. ते म्हातारे आणि आजारी होते. शेवटी दोन लाख रुपये मंजूर झाले. सरकारकडे अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. मग अनुदानाशिवाय करतो म्हटल्यावर एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. स्टाफ म्हणजे तीन पायलट (जेआरडी, विन्सेंट आणि होमी भरुचा), थोडे मेकॅनिक आणि दोन पस मॉथ.

मेकॅनिकलवाल्यांनी आता नीट वाचावं, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. सर जेफ्री डी हॅविलंडना पतंगांचा नाद होता, दिव्याभोवती फिरतात ते पतंग. म्हणून त्यांच्या विमानांची नावं टायगर मॉथ, जिप्सी मॉथ अशी. पस मॉथ म्हणजे डीएच-८०ए. स्टीलच्या नळ्या वेल्ड करून बनवलेला सांगाडा, त्यावर कापड, लाकडी पंख, पंखांची लांबी ११.२ मीटर, रिकामं वजन सुमारे ५७५ किलो. म्हणजे आपल्या मारुती ८००पेक्षाही हलकं. इंजिन जिप्सी-३, चार सिलिंडर, १२० हॉर्सपॉवर, आणि ते उलटं टांगलेलं, म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली. त्यामुळे नाकापुढचं जास्त दिसतं. आधीच्या मॉथमध्ये पायलट उघड्यावर बसायचा, इथे बंद केबिन. आणि ब्रेकची गंमत म्हणजे चाकांच्या शॉक अॅब्सॉर्बरवर जे कव्हर होतं ते नव्वद अंशांत फिरवायचं. आडवं झालं की हवा अडते आणि विमान हळू होतं. हे ज्याने डिझाइन केलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

पण ह्याच विमानाची दुसरी बाजूही आहे. १९३० ते १९३३ या काळात बरीच पस मॉथ हवेत पंख तुटून पडली. ऑस्ट्रेलियाचा बर्ट हिंकलर, त्या काळातला अत्यंत नावाजलेला वैमानिक, जानेवारी १९३३ मध्ये इटलीच्या डोंगरात पस मॉथसकट गेला. खराब हवेत जास्त वेग घेतला की पंखाला आधार देणारी पुढची दांडी वाकायची. इलाज निघाला तो अगदी छोटा. त्या दांडीला एक बारीकशी आडवी दांडी जोडून ती ताठ केली. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण बकलिंगचा चॅप्टर ऑप्शनला टाकतो ना, तोच हा चॅप्टर.

तर १५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपालाची पोती घेऊन उडाले. एकटे. रेडिओ नाही, खालून रस्ता सांगणारं कुणी नाही. होकायंत्र, नकाशा आणि डोळे. अहमदाबादला पेट्रोल भरायला उतरले. ते पेट्रोल बर्मा शेलने चार-चार गॅलनच्या डब्यांत, बैलगाडीतून आणून ठेवलं होतं. आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला टेकले. तिथून विन्सेंट दुसरं पस मॉथ घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. भारताची विमानसेवा सुरू झाली ती ही.

हे उड्डाण मी घरी करून बघायचं ठरवलं. माझ्याकडे पस मॉथ नाही. मग सिम्युलेटरमधलं सेसना १७२ घेतलं, कारण पंख वर असलेलं तेच हाताशी होतं. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये वजन, पंखांचं क्षेत्रफळ आणि हॉर्सपॉवर बदलून पस मॉथचे आकडे भरले. पुढचं चाक काढून शेपटीला लावलं. दिसायला सेसनाच, पण वागायला थोडंफार पस मॉथ. जीपीएस बंद केलं. आणि दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी साडेसहाला, बाहेर कंदील लटकलेला असताना, मी कराचीहून उडाले.

सरळ रेषेत कराची ते अहमदाबाद साधारण सहाशे किलोमीटर, पुढे जुहू साडेचारशेच्या आत. ताशी दीडशे-एकशे साठ वेगाने हे सहा-सात तासांचं काम आहे. पहिला तास मजा आली. मग कच्छचं रण आलं. रण म्हणजे स्क्रीनवर नुसता एक रंग. खाली नदी नाही, रूळ नाही, गाव नाही. नकाशावर बोट ठेवायला जागाच नाही. वारा बाजूने ढकलत असतो आणि तो किती ढकलतोय ते कळायला खाली काहीतरी दिसावं लागतं. मध्येच आजीने फराळाला हाक मारली, मी पॉझ न करता गेले (जेआरडींना पॉझचं बटण नव्हतं, म्हणून), आणि परत आले तर विमान कुठे आहे ते मला सांगता येईना. अहमदाबाद मला सापडलंच नाही. पेट्रोल संपलं आणि मी खंभातच्या आखातात कुठेतरी चिखलात उतरले. म्हणजे पडलेच. तेवढ्यात बाबा आले आणि मी तोंड पाडून का बसलेय म्हणून विचारू लागले. त्यांना काय सांगणार?

त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की त्या माणसाने नक्की काय केलं होतं. आणि हे एकदा नव्हे. ती सेवा दर आठवड्याला चालली. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याला हलवायचं आणि भर पावसात सह्याद्रीचे ढग चुकवत टपाल न्यायची. तरी टपाल वेळेवर पोचायची. सरकारी खात्याच्या रिपोर्टमध्येसुद्धा त्याचं कौतुक झालं.

यापुढचं बरंचसं पाठ्यपुस्तकात असतं, म्हणून पटकन सांगते. १९३८ मध्ये चौतिसाव्या वर्षी ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पुण्यात विमानाचा कारखाना काढायचं चाललं होतं. त्यासाठी इंग्लंडला गेलेला विन्सेंट १९४२ मध्ये परत येताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ विमानासकट नाहीसा झाला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ला मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन कैरो आणि जिनिव्हामार्गे मुंबईहून लंडनला गेलं, जेआरडी त्यात होते. तेच विमान ३ नोव्हेंबर १९५०ला माँ ब्लाँवर आदळलं, ४८ जण गेले. १९५३ मध्ये सरकारने सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. त्यांना न विचारता निर्णय झाला याचं त्यांना फार लागलं, पण एअर इंडियाचं अध्यक्षपद मात्र त्यांनी घेतलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि १९६२ मध्ये एअर इंडियाकडे फक्त जेट विमानं उरली. संपूर्ण जेट असलेली ती जगातली पहिली कंपनी.

अध्यक्ष असून ते विमानात मागेपर्यंत चक्कर मारायचे. पडदा नीट लागत नाही, चहाचा आणि कॉफीचा रंग सारखाच दिसतो, संडास स्वच्छ नाही, असं सगळं टिपून घ्यायचे आणि उतरल्यावर त्या-त्या माणसाला चिठ्ठी पाठवायचे. काउंटरवर धूळ दिसली तर स्वतः पुसायचे. माझ्या आजीलाही हीच सवय आहे, पण तिला कुणी भारतरत्न दिलं नाही.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं सम्राट अशोक हे पहिलं ७४७ मुंबईहून उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं. रात्रीच्या अंधारात समुद्रावर क्षितिज दिसत नाही. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं आणि विमान उजवीकडे कललंय असं त्याला वाटलं. ते सरळ करायला गेला आणि ते डावीकडे उलटं होत गेलं. आजोबा सांगायचे की पुढचे कित्येक दिवस परळ-लालबागला दुसरा विषय नव्हता. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ फेब्रुवारीला, मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. पंचवीस वर्षं सरकारी कंपनीचं अध्यक्षपद बिनपगारी केलेल्या माणसाला हे धड समोर बसवून सांगितलंही गेलं नाही. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना परत संचालक मंडळावर घेतलं, पण अध्यक्ष म्हणून नाही.

मी त्यांच्या जागी असते तर रुसून बसले असते. त्यांनी काय केलं ते बघा.

१९८२ मध्ये त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं होत होती. १९६२ मध्ये, तिसाव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास एकदा परत केला होता. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि त्यांना तो पुन्हा करायचा होता. ७४७ मधून नाही, मॉथमधून. हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. कारण हा तर आमचाच आजार! जगातली सगळी मोठी विमानं उपलब्ध असताना कुठलं तरी जुनं, कापडाचं, एका इंजिनाचं विमान परत जिवंत करायचं. फक्त ह्या माणसाला ते स्क्रीनवर नको होतं.

विमान वापरलं ते लेपर्ड मॉथ. पस मॉथनंतर १९३३ मध्ये आलेला त्याचा धाकटा भाऊ. सांगाडा स्टीलऐवजी लाकडाचा, पायलट पुढे एकटा, मागे दोन सीट. १५ ऑक्टोबर १९८२ला जेआरडी कराचीहून एकटे निघाले, अहमदाबादला थांबले, आणि जुहूला उतरले. त्या दिवशीचे त्यांचे फोटो मी पाहिलेत. पांढरा शर्ट, गॉगल, चेहऱ्यावर पंधरा वर्षांच्या मुलाचा आनंद. तरुण मुलांमध्ये धाडसाची मजा परत जागी व्हावी म्हणून हे केलं, असं त्यांनी सांगितलं. मला ते अर्धंच पटतं. मला वाटतं त्यांना उडायचं होतं, बस्. ज्या कंपनीतून काढलं तिची खुर्ची परत मागायची नव्हती. खुर्चीच्या आधीचं जे होतं ते हवं होतं, आणि ते कुठलंच सरकार काढून घेऊ शकत नव्हतं. ही माझी समजूत. चुकीची असेल तर सोडून द्या.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ला ते जिनिव्हात वारले. पुरलं पॅरिसला, आई-वडिलांच्या जवळ. २७ जानेवारी २०२२ला एअर इंडिया परत टाटांकडे गेली, तोपर्यंत त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरोही पंडित ही आपल्या मुंबईची मुलगी छोट्या विमानातून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला एकटी आली, जेआरडींच्या रस्त्याने. बातमी आली तेव्हा बाबांनी पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवला. यावेळीही काही बोलले नाहीत.

आमच्या खिडकीतून हॉस्पिटलच्या बाजूला रात्री दिवे दिसतात. फुटपाथवरची माणसं अजून तशीच बसलेली असतात. त्यातल्या कितीजणांना माहीत असेल की हे उभं करणाऱ्यांत एक पायलट होता?

माझं पस मॉथ अजून अर्धवट आहे. चौथ्या प्रयत्नात अहमदाबाद सापडलं, सहाव्यात जुहू. वेळ आठ तास दहा मिनिटं, म्हणजे जेआरडींपेक्षा जवळजवळ एक तास जास्त. पण शेपटीच्या चाकाचं काहीतरी चुकलंय. जमिनीला टेकलं की विमान गोल फिरून समुद्राकडे तोंड करून उभं राहतं. शॉक अॅब्सॉर्बरचा तो ब्रेक कसा लिहायचा हेही कळलेलं नाही. आणि दिसायला ते अजून सेसनाच आहे. थ्री-डी मॉडेल बनवता येणारं कुणी आपल्या कॉलेजात असेल तर कृपया टीई मेकॅनिकलला येऊन भेटा. ड्रॉइंग माझ्याकडे आहे. वडापाव मी देईन.